२२० बीएचपी हवेत, पण कुठल्या आरपीएमला?

प्रश्न असा आहे: "माझ्याकडे २००२ ची माझदा एमएक्स-५ आहे, १.८ लिटर, सहा गिअरची. मी इंग्लंडात मिडलँड्समध्ये राहतो. शनिवार-रविवारी पीक डिस्ट्रिक्ट नाहीतर वेल्सच्या डोंगरात गाडी काढतो, वर्षातून चार-पाच ट्रॅक डे करतो. इंजिन मूळचंच आहे आणि ते उघडायचं नाही. १४६ बीएचपी (अश्वशक्ती) आता कमी वाटायला लागलेत, २२० च्या आसपास जायचंय. टर्बो लावू की सुपरचार्जर? टर्बोवाले म्हणतात त्याच पैशात जास्त ताकद, सुपरचार्जरवाले म्हणतात लॅग नाही. मला दोघांचंही पटतं."

तुम्हाला दोघांचंही पटतं, कारण दोघंही खरं बोलतायत. दोन्ही यंत्रं इंजिनात जादा हवा कोंबतात: टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर, म्हणून त्याला जागं व्हायला जरा वेळ लागतो (तोच लॅग), आणि सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर. पण ते ज्या मुद्द्यावर भांडतायत, त्याने तुमचा निर्णय होणार नाही. २२० बीएचपी दोन्ही वाटांनी मिळतात, तेही आरामात. तुम्हाला ठरवायचंय ते वेगळंच: त्या ताकदीसाठी इंजिनाला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कुठल्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांवर, काढावा लागणार, आणि तो टॉर्क तुमच्या पायाच्या हुकमात किती राहणार. हजार-अकराशे किलोची गाडी, जोर मागच्या चाकांवर, आणि इंजिन उघडायचं नाही. अशा वेळी हे दोन मुद्दे बाकी सगळ्याच्या आधी येतात.

माझी उमेदवारी पुण्याजवळ डिझेल इंजिनांच्या टेस्ट बेडवर झाली. गेली अठरा वर्षं नॉर्दम्प्टनशरमध्ये माझं छोटं गॅरेज आहे, आणि निम्मी कामं तुमच्यासारख्या एमएक्स-५ वरचीच असतात. टर्बो, आणि सुपरचार्जरच्या दोन जाती रूट्स ब्लोअर नि रोट्रेक्स, तिन्ही बसवले आहेत आणि तिन्हींच्या दुरुस्त्याही केल्या आहेत. जे सांगतोय ते त्या अनुभवातून. तुमचा वापर वेगळा असता तर उत्तरही वेगळं आलं असतं, ते कुठे बदललं असतं हेही पुढे सांगतो.

आधी आकडेमोड करू, कारण ती एकदा डोक्यात बसली की अर्धा गोंधळ संपतो. बीएचपी म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७,१२१, टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये धरला तर. तुमचं इंजिन मूळचं १६८ न्यूटन-मीटर देतं, ५,००० ला. आता समजा छोटा टर्बो बसवला आणि त्याने साडेतीन हजारापासून सहा हजारापर्यंत सरळ २६० न्यूटन-मीटर दिले. सहा हजाराला झाले २१९ बीएचपी. दुसरीकडे सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर बसवला, ज्याचा टॉर्क चढत चढत जातो आणि ६,८०० ला २३० होतो. त्याचेही झाले २१९-२२०. कागदावर दोन्ही गाड्या सारख्याच. पण साडेतीन हजाराला पहिली गाडी २६० देतेय आणि दुसरी जेमतेम १८०-१८५. चालवायला या दोन पूर्ण वेगळ्या गाड्या आहेत, आणि पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या दृष्टीनेही.

रॉडचं आधी सांगतो, कारण इंजिन उघडायचं नाही असं तुम्ही स्पष्ट लिहिलंय. या इंजिनाचे मूळ रॉड वाकतात ते खालच्या-मधल्या आरपीएमला सिलिंडरमध्ये एकदम दाब चढला की. म्हणजे बीएचपीच्या आकड्यापेक्षा टॉर्कचं शिखर त्यांना मारतं. मूळ रॉडवर २७० न्यूटन-मीटरच्या वर मी कुणालाच गाडी देत नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. ३०० च्या पुढे गेलेल्या गाड्या रस्त्यावर आहेत, काही बरीच वर्षं टिकल्याही आहेत. पण वाकलेला रॉड मी हातात धरून पाहिलाय. पट्टी लावली तर मधे नखाएवढी फट दिसते, बस. तेवढ्या फटीपायी ब्लॉक जातो. म्हणजे तुमच्या बाबतीत टर्बो शक्य आहे, पण कमाल मर्यादेला टेकून. सेंट्रिफ्युगलमध्ये तीच ताकद मिळवून ३०-४० न्यूटन-मीटरची मोकळीक राहते.

इथे एक गोष्ट सुटी करून सांगायला हवी. तुम्ही "सुपरचार्जर" असा एकच शब्द लिहिलाय, पण त्यात निदान दोन वेगळ्या जातींची यंत्रं येतात. एक रूट्स. ईटनचे एम४५, एम६२ हे त्यातले. दोन रोटर हवेचे घास घेऊन पुढे ढकलतात. मूळची कल्पना एकोणिसाव्या शतकातली, अमेरिकेतल्या इंडियानातल्या रूट्स बंधूंची, आणि त्या काळी ती भट्ट्यांना वारा घालायला वापरली गेली. हा ब्लोअर आत हवा दाबत नाही, नुसती सरकवतो. दाब तयार होतो तो मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमध्ये, साठलेली हवा उलटी आदळून. म्हणून बूस्ट, म्हणजे हा वाढीव दाब, अगदी खालून मिळतो, दोन हजारालाही गाडी उचलते, पण हवा जास्त तापते. दुसरी जात सेंट्रिफ्युगलची, आपल्या गाड्यांवर बहुतेक वेळा रोट्रेक्स. तो म्हणजे टर्बोचा थंड अर्धा भाग, एक्झॉस्टऐवजी क्रँकच्या पट्ट्यावर चालणारा. आत दातांचे गिअर नाहीत, गुळगुळीत रोलर आहेत, आणि त्यांची पकड एका खास तेलावर अवलंबून असते. इम्पेलर, म्हणजे हवा दाबणारा पंखा, मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो. याचा बूस्ट साधारण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून खाली तो जवळपास नसल्यासारखा आणि वर भरपूर. टर्बो या दोन्हींहून वेगळा, कारण त्याला आरपीएमशी थेट देणंघेणं नाही. इंजिनावर भार किती आणि एक्झॉस्ट किती वाहतोय, त्यावर तो जागा होतो.

आता उष्णता. माझ्या मते बूस्टचं खरं बिल इथे येतं, आणि किट विकणारे याबद्दल सर्वांत कमी बोलतात.

१४६ वरून २२० म्हणजे हवा साधारण दीडपट लागणार. बाहेरची हवा २५ अंश धरा. दीडपट दाबताना ती तापणारच, आदर्श यंत्रातही ३६-३७ अंशांनी. प्रत्यक्षात ७० टक्के कार्यक्षमतेचा कंप्रेसर, म्हणजे चांगला टर्बो किंवा सेंट्रिफ्युगल, तिला ७७ अंशांच्या आसपास सोडतो. ५५ टक्क्यांचा रूट्स सोडतो ९२ अंशांना. शिवाय हे पहिल्या फेरीचे आकडे आहेत. ट्रॅकवर पंधरा मिनिटं चालवल्यावर रूट्सचं ॲल्युमिनियमचं अंग स्वतःच तापलेलं असतं, हात लावता येत नाही, आणि येणारी हवा त्या तापलेल्या अंगातून जाते. तेवढी हवा दाबायला पट्ट्यावरून ताकदही जाते: या पातळीला रूट्सला चौदा-पंधरा बीएचपी, सेंट्रिफ्युगलला अकरा-बारा. टर्बोलाही फुकट काही मिळत नाही, तो एक्झॉस्टची वाट अडवून आपली किंमत वसूल करतो.

आपल्याकडे टर्बो म्हटलं की डोळ्यांसमोर डिझेल गाडी येते. कात्रजच्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेली, मग दोन हजार झाले की एकदम सुटलेली. त्या अनुभवावरून लोक पेट्रोल इंजिनाचा अंदाज बांधतात, तिथेच चुकतात. डिझेलमध्ये नुसती हवा दाबली जाते, इंधन नंतर येतं, त्यामुळे बूस्ट वाढवला म्हणून नॉकिंग होत नाही. तुमच्या इंजिनात इंधन इनटेकच्या पोर्टमध्येच हवेत मिसळतं आणि ते मिश्रण एकत्र दाबलं जातं. कॉम्प्रेशन रेशो १०:१, म्हणजे मिश्रण दहाव्या भागाएवढ्या जागेत दाबलं जातं. वर गरम हवा आत आली तर ठिणगी पडल्यावर, ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण स्वतःहून पेटतं, आणि पिस्टनवर हातोडा बसावा तसा दाब बसतो. हेच नॉकिंग. ते टाळायचं तर इग्निशन मागे घ्यावं लागतं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडावी लागते. इग्निशन मागे घेतलं की टॉर्क जातो आणि एक्झॉस्ट आणखी तापतो. म्हणजे बूस्ट लावून मिळवलेलं उष्णतेपायी परत दिलं.

दोनेक उन्हाळ्यांपूर्वी एक गाडी माझ्याकडे आली. रूट्स ब्लोअर, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) नाही, मूळच्या ईसीयूवर (इंजिनाच्या संगणकावर) एक छोटी पेटी जोडून इग्निशन थोडं मागे घेतलेलं. काम दुसऱ्या कुणीतरी केलेलं. मालकाची तक्रार एवढीच की ट्रॅकवर दुपारी गाडी सकाळसारखी पळत नाही. मी प्लग काढले. पहिले तीन फिकट तपकिरी, ठीक. चौथ्याची पांढरी चिनीमाती टॉर्चच्या उजेडात धरली तर तिच्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक राखाडी ठिपके, काही चमकणारे. ते ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. चौथ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा पावपट कमी निघालं. इंजिन उघडलं तेव्हा पिस्टनची दोन रिंगांमधली कड तुटलेली होती.

चौथंच का? त्याचं कारण या इंजिनाच्या जन्मात आहे. हे घराणं माझदाच्या ३२३ सारख्या, आडव्या इंजिनाच्या, पुढची चाकं फिरवणाऱ्या गाड्यांसाठी बनलं. तिथे पाणी एका टोकाने आत येतं आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं. एमएक्स-५ मध्ये इंजिन उभं बसवलं, मागे फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली भिंत, आली, म्हणून पाण्याचा बाहेरचा रस्ता पुढच्या टोकाला आणला. आत येणं पुढून, बाहेर जाणंही पुढून, त्यामुळे सर्वांत मागच्या सिलिंडरला पाणी कमी पोचतं. मूळ ताकदीला हे चालून जातं. २००१ पासूनच्या हेड गॅस्केटमध्ये भोकांची मांडणीही सुधारली आहे, तुमच्या गाडीत तीच असायला हवी. तरी बूस्ट आणि ट्रॅक एकत्र आले की मी पाण्याची वाट हेडच्या मागून काढतो. काम किचकट आहे, फायरवॉल आणि हेडच्या मधल्या चार बोटं जागेत हात घालावा लागतो, पण टर्बो असो की सुपरचार्जर, मी ते करायलाच लावतो.

यावरून तुमच्यासाठी इंटरकूलर नसलेला रूट्स बाद. मला रूट्स आवडतो, हे मोकळेपणाने सांगतो. खालून येणारा तो भरीव जोर फार सुखाचा असतो. १९९० च्या दशकातल्या १.६ मध्ये, १५०-१६० बीएचपीपर्यंत, नुसत्या रस्त्यावर, तो उत्तम आहे. लोटसने २००८ च्या एलिस एससीमध्ये इंटरकूलरशिवाय रूट्स वापरून २१८ बीएचपी काढले, हेही खरं. पण ती टोयोटाची २झेडझेड मोटर उंच आरपीएमची आहे, आणि त्यामागे एका कारखान्याची सगळी चाचणी उभी होती. छताच्या स्कूपमधून हवा घेणारा इंटरकूलर लावायची जागा लोटसकडे एक्सीज या तिच्या दुसऱ्या गाडीत होती, कारण इंजिन मागे. आपल्या गाडीत ब्लोअर मॅनिफोल्डच्या जागी बसतो आणि इंटरकूलरला वाट काढणं फार अवघड जातं.

आता राहिले दोन: छोटा टर्बो आणि रोट्रेक्स. इथे मला लिंकनशरमधल्या कॅडवेल पार्क या रेस ट्रॅकवरचा एक दिवस सांगायचाय.

माझ्या दोन गिऱ्हाइकांच्या गाड्या त्या दिवशी तिथे होत्या. दोन्ही तुमच्याच पिढीच्या, टायर सारखे, सस्पेन्शन जवळपास सारखं. एकीत गॅरेटचा छोटा बॉल-बेअरिंग टर्बो, दुसरीत रोट्रेक्स. ताकदीत दहा बीएचपीचाही फरक नव्हता. मी दोन्ही चालवल्या. कॅडवेलला माउंटन नावाचा चढ ओलांडला की झाडीतली हॉल बेंड्सची वळणं येतात आणि लगेच हेअरपिन. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये, ३,८०० च्या आसपास, स्टीअरिंग अजून वळवलेलं असतानाच पाय द्यायला सुरुवात करायची असते. टर्बोच्या गाडीत मी पाय एक तृतीयांश दाबला आणि तिथेच धरला. पाय हलला नाही. पण बूस्टचा काटा चढत गेला, कारण टर्बाइनला तेवढा एक्झॉस्ट पुरेसा होता, आणि अर्ध्या सेकंदात मी मागितला होता त्यापेक्षा बराच जास्त टॉर्क चाकांवर आला. आतलं मागचं चाक सुटलं, गाडी आडवी व्हायला लागली, मी पाय काढला. रोट्रेक्सच्या गाडीत त्याच जागी त्याच पायाला काहीच झालं नाही. आणखी दाबला, तेवढंच आणखी मिळालं. बाहेर पडताना ती मंद वाटली. पण दिवसभरात मी त्या वळणातून तिच्यात दर वेळी जास्त विश्वासाने, लवकर पाय देऊन बाहेर पडलो.

लोक लॅगला घाबरतात. छोट्या, आधुनिक टर्बोचा लॅग तेवढा मोठा नसतो, साडेतीन हजाराच्या वर तर फारच थोडा. मला खटकतं ते असं की पाय स्थिर असताना टॉर्क बदलतो. नव्या कारखानी टर्बो गाड्यांमध्ये हे जाणवत नाही, कारण त्यांचा थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असतो आणि संगणक मधे पडून तो सावरून घेतो. तुमच्या गाडीत पाय आणि थ्रॉटलच्या मधे एक केबल आहे, बस. ती केबल हेच या गाडीचं सुख आहे, आणि टर्बो नेमका तिथे हात घालतो. दीड टनाच्या, रुंद टायरच्या गाडीत हा फरक गिळला जातो. तुमच्या २०५ रुंदीच्या टायरवर, ओल्या वेल्श रस्त्यावर, तो गिळला जात नाही.

टर्बोवर अन्याय नको, म्हणून हेही सांगायला हवं: यावर उपाय आहे. स्वतंत्र ईसीयू असेल तर बूस्ट कंट्रोल सोलेनॉइड थ्रॉटलच्या स्थितीप्रमाणे आणि आरपीएमप्रमाणे चालवता येतो. अर्ध्या पायाला अर्धाच बूस्ट, चार हजाराखाली मुद्दाम कमी. नीट मॅप केलेली, म्हणजे ईसीयूत इंधन-ठिणगी-बूस्टचे आकडे बसवलेली, अशी गाडी मी दिली आहे आणि ती फार गोड चालते. पण ते करणारा ट्यूनर भेटायला लागतो, आणि रोलिंग रोडवर (गाडी रोलरांवर चालवून ताकद मोजायच्या यंत्रावर) नुसत्या फुल थ्रॉटलच्या दोन फेऱ्यांऐवजी अर्ध्या-पाव पायावर दिवस घालवायला लागतो. बहुतेक जण तेवढे पैसे देत नाहीत आणि बहुतेक ट्यूनर तेवढा वेळ देत नाहीत.

कारखान्यांनीही एकमुखाने निवड केलेली नाही. १९९० च्या सुरुवातीला इथल्या ब्रॅकलीच्या बीबीआर या ट्यूनिंग कंपनीने एमएक्स-५ ला टर्बो लावला, १.६ वर १५० बीएचपी. माझदाने स्वतः २००४-०५ मध्ये उत्तर अमेरिकेसाठी माझदास्पीड एमएक्स-५ काढली, तीही टर्बोच, १७८ अश्वशक्ती, आणि त्यासाठी कॉम्प्रेशन ९.५ वर आणलं. लोटस त्याच काळात सुपरचार्जरकडे गेली. माझदा आणि लोटस, दोघांनीही हलकी गाडी म्हणून आकडा आवरता ठेवला, हे मात्र बघण्यासारखं आहे.

आतापर्यंतचं थोडक्यात: मूळ रॉडमुळे टॉर्कला मर्यादा आहे, १०:१ कॉम्प्रेशनमुळे हवा थंड ठेवणं भाग आहे, आणि हलक्या गाडीत केबल थ्रॉटल असल्यामुळे पायाचं ऐकणारा टॉर्क लाखमोलाचा आहे. या तिन्ही गोष्टी मला इंटरकूलर असलेल्या रोट्रेक्सकडे नेतात. तुमच्या जागी मी तोच लावला असता.

पण त्याची किंमत काय मोजावी लागते तेही ऐका. रोट्रेक्सची गाडी साडेचार हजाराच्या खाली मूळ गाडीपेक्षा थोडीशीच बरी लागते. पीक डिस्ट्रिक्टमधल्या स्नेक पासच्या घाटरस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये एखाद्या व्हॅनला ओलांडायचं तर गिअर खाली टाकावाच लागेल. तुमचा सहा गिअरचा बॉक्स जवळच्या रेशोंचा आहे, हात सारखा लिव्हरवर राहील. मला ते आवडतं. तुम्हाला आवडेल का, हे तुम्हीच सांगू शकता. बूस्ट वाढवायचा तर पुली बदलावी लागते, बटण दाबून होत नाही. पुलीचा आकार ठरवताना रेडलाइनला इम्पेलर मर्यादेत राहील एवढं बघावं लागतं, आणि म्हणून चुकून चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला तर इंजिनाबरोबर सुपरचार्जरही जाऊ शकतो. त्याचं तेल वेगळं, महाग, आणि वेळच्या वेळी बदलायचं. काही किटमध्ये पट्ट्याच्या वाटेसाठी एसी काढावा लागतो.

पट्ट्यावरून एक ताकीद. काही जण सुपरचार्जरसाठी क्रँकवर हलकी ॲल्युमिनियमची पुली बसवतात. मूळ पुलीत रबर असतं, ते क्रँकचे हादरे शोषतं. ते काढलं की या इंजिनात ऑइल पंपाचे गिअर फुटतात. पंप क्रँकच्या तोंडावरच बसलेला असल्यामुळे सगळे हादरे त्याला जातात. किट घेताना हा रबरी डँपर कायम राहतोय का, हा प्रश्न आधी विचारा.

मी टर्बो कधी सुचवला असता? तुम्ही ट्रॅकवर जात नसता आणि गाडी रोज कामाला नेत असता, तर. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये आळसात, तीन हजाराला मिळणारा जोर रस्त्यावर फार उपयोगी पडतो. किंवा इंजिन फोर्ज्ड रॉड-पिस्टनने बांधून २८०-३०० बीएचपीला जायचं असतं, तर. तिथे पट्ट्याची मर्यादा येते आणि टर्बोला तोड नाही. किंवा तुमचा नेहमीचा ट्रॅक आवाजाच्या बाबतीत फार कडक असता, तरीही. टर्बाइन स्वतःच एक्झॉस्टचा आवाज खाते, टर्बोच्या गाड्या ध्वनिमापकापुढे सहज पास होतात. ट्रॅकवर टर्बो चालवायचाच असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड इन्कोनेलचे (उष्णतेला टिकणाऱ्या मिश्रधातूचे) घ्या. लाल होईपर्यंत तापणं आणि गार होणं यात साधे स्टड ताणले जातात, नट सैल होतात, आणि एक दिवस बॉनेटखालून फटफट ऐकू येते. अशी गाडी वर्षाला तीन-चार तरी येतेच माझ्याकडे.

बाकीचं सामान दोन्ही बाबतीत सारखंच आहे. मूळ ईसीयू बूस्ट सांभाळू शकत नाही, स्वतंत्र ईसीयू लागणार. मेगास्क्वर्टसारखा चालेल, ब्रँडपेक्षा मॅप करणारा महत्त्वाचा. २२० साठी इंजेक्टर मिनिटाला साधारण ४५० सीसीचे. वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) कायमचा बसवा, बूस्टमध्ये मिश्रण एका भाग इंधनाला साडेअकरा-बारा भाग हवा असं राहिलं पाहिजे. पेट्रोल नेहमी ९९ ऑक्टेनचं, आणि मॅपही त्याच पेट्रोलवर झालेला. क्लच बदलावा लागेल. सहाचा गिअरबॉक्स आणि १.८ चा डिफरेन्शियल या टॉर्कला पुरून उरतात, त्यांची काळजी नको. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर राहू द्या, एमओटीला, म्हणजे इथल्या वार्षिक वाहन-तपासणीत, उत्सर्जन तपासतात. विमा कंपनीला आधी कळवा, लावून झाल्यावर नाही. किटच्या किमतीइतकीच रक्कम या आजूबाजूच्या गोष्टींसाठी बाजूला ठेवा असं मी प्रत्येकाला सांगतो, आणि आजवर कुणाचेही त्यातले पैसे उरलेले नाहीत.

हे सगळं गाडीचं अंग धड असेल तर. तुमच्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये पुढचे चॅसिस रेल आतून गंजतात, इंजिनाच्या पुढे, सस्पेन्शनच्या जवळ. वरून रंग तुकतुकीत असतो. गाडी लिफ्टवर घ्या, आतली प्लास्टिकं काढा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. थप्प असा बोदा आवाज आला तर तिथे पत्रा उरलेला नाही. मग मागच्या चाकाच्या पुढचे सिल, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्या, बघा. हूडच्या (कापडी छताच्या) पाण्याची भोकं पाल्याने तुंबली की पाणी तिथे साठतं आणि सिल आतून कुजतात. असं निघालं तर यंदाचे पैसे वेल्डिंगला द्या, बूस्ट पुढच्या वर्षी.

रेल धड असतील तर कॉम्प्रेशन टेस्ट करा, इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, चारही प्लग काढून. चार आकड्यांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. चौथ्या सिलिंडरचा आकडा दोनदा घ्या. मग ओळखीतून एक टर्बोची आणि एक रोट्रेक्सची गाडी शोधा आणि मालकाच्या शेजारी बसून अर्धा तास तरी फिरा. एमएक्स-५ ची माणसं दिलदार असतात, नाही म्हणत नाहीत. फुल थ्रॉटल मारायला सांगू नका. एखाद्या वळणात अर्ध्या पायावर गाडी कशी बाहेर पडते तेवढंच बघा. शक्य झालं तर दोन्ही गाड्यांचे रोलिंग रोडचे आलेख मागा, आणि त्यात तीन ते चार हजारामधली टॉर्कची रेघ आधी वाचा, शेवटचा बीएचपीचा आकडा नंतर. कॉम्प्रेशनचे चार आकडे आणि दोन्ही रेलचे फोटो पाठवलेत, तर पुली कुठली घ्यायची ते मी मोजून सांगतो.